दारांची वही

शनिवारी सकाळी नणंदबाईंनी मला अक्षरशः उचलून नेलं. "वहिनी, दोनच दिवस दे. आमच्या संस्थेची वेबसाइट करायचीय. तुझ्यासाठी काय, हातचा मळ!" मला हरभऱ्याच्या झाडावर चढवायला एवढं पुरतं.

संस्था म्हणजे तळमजल्यावरच्या दोन खोल्या. आजारी माणसांना घरी वापरायला चाकाची खुर्ची, वॉकर, पलंग द्यायचे आणि गरज संपली की परत घ्यायचे, हे त्यांचं काम. आतल्या खोलीत घडी घातलेल्या खुर्च्या आणि तेलाचा वास. बाहेरच्या खोलीत टेबल, टेबलावर फोन आणि फोनपाशी मावशी. बावीस वर्षं फोन त्याच घेत होत्या. सोमवारी त्यांच्या घशाचं ऑपरेशन होतं. डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं, आवाज परत येईलच असं नाही. तोवरही कमीत कमी बोलायचं.

"अध्यक्षांना फोनवर ऐकू येत नाही आणि मी आठवडाभर शाळेत," नणंदबाई म्हणाल्या. "सोमवारपासून फोन वाजत राहणार आणि उचलणार कुणी नाही. लोकांना वेबसाइटवरून खुर्ची मागता आली पाहिजे."

मी बाह्या सरसावल्या. संध्याकाळपर्यंत एक देखणा अर्ज तयार केला. एकोणीस रकाने! नाव, वय, आजार, डॉक्टर, चिठ्ठीचा फोटो. कामाच्या बाबतीत मी नाकावर माशी बसू देत नाही, त्यामुळे मावशींना दाखवताना माझी मान जरा ताठच होती.

मावशींनी चष्मा लावून सगळं सावकाश वाचलं. मग घोगऱ्या आवाजात म्हणाल्या, "छान आहे गं. पण यात घराचं दार कुठे विचारलंयस?"

"पत्ता विचारलाय की, मावशी."

त्यांनी खणातून एक जाड वही काढली. आजाराचा त्यात कुठेही उल्लेख नव्हता. पानापानांवर नुसती दारं होती. कुणाचं बाहेरचं रुंद पण न्हाणीघराचं अरुंद, कुणाचं आत उघडणारं, कुणाला दोन पायऱ्या, कुणाला उंबरा. मी चाळतच राहिले.

तेवढ्यात फोन वाजला. नणंदबाईंनी स्पीकर सुरू केला. पलीकडे एक बाई होती. नवऱ्याला चालता येत नाही, खुर्ची हवीय, आणि बोलता बोलता तिला रडू फुटलं.

"घरात वर्तमानपत्र आहे?" मावशींनी विचारलं. "पूर्ण उलगडा. न्हाणीघराच्या दारात आडवं धरा. न मुडपता बसतं का?"

फोनवर कागदाची सळसळ ऐकू आली. बाईचं रडणं थांबलं होतं. "नाही बसत. दोन्ही कडा मुडपतायत."

"मग तुम्हाला अरुंद खुर्ची. उद्या येईल. आणि काल रात्री तुम्ही स्वतः झोपलात का?"

ती हळूच म्हणाली, "नाही."

फोन ठेवून मावशींनी पाण्याचा घोट घेतला. "खुर्ची दारात अडली ना, की माणूस आपल्याच घरात परका होतो. आणि फुटपट्टी सापडत नाही गं कुणाला. सापडली तरी रडत्या माणसाला आकडे वाचता येत नाहीत." एवढं बोलून त्या खोकल्या. नणंदबाई त्यांच्यावर डोळे वटारून म्हणाल्या, "पुरे आता!"

मी तोंडात बोट घातलं होतं. कॉलेजात, नोकरीत, कुठेही मला इतकं हुशार काही भेटलं नव्हतं. माझे एकोणीस रकाने मी तिथल्या तिथे पुसून टाकले, आणि जराही वाईट वाटलं नाही.

रविवारी आम्ही मावशींचा आवाज रेकॉर्ड करून घ्यायचं ठरवलं. वेबसाइट उघडली की त्यांनीच प्रश्न विचारायचे, आणि लोकांनी लिहून किंवा बोलून उत्तर द्यायचं. पण आवाज जपून खर्चायचा होता. त्यांनी कागदावर बावीस प्रश्न लिहिले आणि एकेक खोडत सहावर आणले. उंबऱ्याचा प्रश्न खोडताना त्यांचा हात थबकला. झोपेचा मात्र त्यांनी ठेवला. मी म्हटलं, "मावशी, उंबरा जास्त कामाचा नाही का?" त्यांनी नकारार्थी मान हलवली.

खिडक्या लावल्या, पंखा बंद केला आणि आम्ही घामाघूम होऊन श्वास रोखून बसलो. मावशी फोनवर बोलायच्या तशाच बोलल्या. सहावा प्रश्न झाल्यावर त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि आम्हा दोघींकडे बघून हसल्या. त्यानंतर त्या बोलल्या नाहीत.

ऑपरेशन चांगलं झालं. आवाज मात्र गेला.

महिन्याभराने मी सुट्टी काढून संस्थेत गेले, तर मावशी आपल्या खुर्चीवर हजर. कानाला हेडफोन, समोर पाटी-पेन्सिल. लोकांनी बोलून पाठवलेली उत्तरं त्या ऐकत होत्या. त्यांनी खूण करून हेडफोन माझ्या कानाला लावला. कुणी एक मुलगा आपल्या आईसाठी खुर्ची मागत होता. वर्तमानपत्र बसतंय, पायऱ्या नाहीत, घरात चालता चालता सगळं नीट सांगत होता. मला त्यात वावगं काही दिसेना.

मावशींनी पाटीवर लिहिलं, 'उंबरा आहे. उंच. त्याला विचार.'

"तो तर काहीच म्हणाला नाही!"

त्यांनी तेवढा तुकडा पुन्हा ऐकवला. मग पुन्हा. तिसऱ्यांदा मला ऐकू आलं. न्हाणीघराकडे जाताना एका शब्दावर तो जरासा अडखळत होता, पाय उचलून पलीकडे टाकावा तेवढाच.

मी त्याला फोन लावला. "तुमच्या न्हाणीघराला उंबरा आहे का हो?"

"आहे की, चांगला वीतभर! सांगायचंच राहिलं. पण तुम्हाला कसं कळलं?"

"मावशींनी सांगितलं."

"त्या वेबसाइटवर प्रश्न विचारणाऱ्या? आहेत का तिथे?" त्याचा आवाज एकदम उजळला. "त्यांनी मला झोपेचं विचारलं होतं. त्यांना सांगायचंय, काल झोपलो म्हणून."

मी फोनचा स्पीकर सुरू करून तो मावशींसमोर धरला. "सांगा," मी म्हटलं. "त्या ऐकतायत."