पंपातलं तेल

आई गेल्यावर विभागप्रमुखांनी प्रयोगशाळेला तिचं नाव द्यायचं ठरवलं, आणि त्याच बैठकीत तिची रेषा यादीतून काढायचंही ठरवलं.

रेषा म्हणजे पडद्यावरचा एक बारीक सुळका. निर्वात, अतिथंड पेटीत आईने एक रेणू घडवला होता. त्याची रेषा ज्या वारंवारतेला उमटली, नेमक्या तिथेच ताऱ्यांमधल्या एका धूळमेघातून कुणालाच न ओळखता आलेला संकेत येत होता. हा रेणू त्या मेघात आहे, असं तिने छापलं, आणि रेषा विभागाच्या ओळख पटलेल्या रेणूंच्या यादीत गेली. टीकाकार म्हणाले, पंपातलं तेल पेटीत झिरपलंय, रेषा त्या तेलाची. जुळणी निव्वळ योगायोग.

"पाटी पितळेची आहे," विभागप्रमुख म्हणाले. ते आईचेच विद्यार्थी. "बाईंना आवडली असती."

"तिला पाट्या आवडत नसत. पेटी उद्या दुसऱ्या गटाला जाणार ना? आज मला द्या."

"हट्टात आईवर गेलीस."

"नाक बाबांचं आहे."

आईला एक चाचणी करायची राहिली होती. दुखण्याने तिला तेवढी सवड दिली नाही. रेणू घडवताना पेटीत साध्या हायड्रोजनऐवजी जड हायड्रोजन सोडायचा. रेणू तिने म्हटलेलाच असेल, तर तो जड होऊन रेषा खालच्या वारंवारतेकडे सरकेल. तेलाला या अदलाबदलीशी काही देणंघेणं नाही. त्याची रेषा जागची हलणार नाही.

बाबा कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले. त्यांना यातलं ओ की ठो कळत नाही. "चाळीस वर्षं माझ्याशी भांडली, एकदाही हरली नाही," ते म्हणाले. "आता काय हरतेय."

मी वायू सोडला. पडद्यावर आईच्या रेषेच्या जागी सपाट ओळ आली.

बाबांचा चेहरा उतरला. "नाहीच का गं?"

"नाही," मी म्हणाले. "तिथे नसायलाच हवी."

विभागप्रमुखांनी चष्मा काढला होता, तो परत लावला. मी पडद्यावरचा पट्टा आईच्या गणिताने सांगितलेल्या खालच्या वारंवारतेकडे सरकवला. तिथे सुळका उभा होता, तसाच बारीक.

विभागप्रमुखांनी वाकून सुळक्याची जागा आईच्या आकड्याशी ताडून पाहिली.

"रेषा यादीत राहील," ते म्हणाले. "चाचणीचं टिपणही मीच लिहितो. पण पाटी तयार होऊन आलीय."

"उलटी करून पंपाखाली ठेवा," मी म्हणाले. "तेल गळतं, हे काही खोटं नाही. जमिनीवर गळतं."

आई गेल्यापासून बाबा पहिल्यांदा हसले.