बंबातली पुरचुंडी

रमण तावडे देवभोळा होता आणि इंजिनीअरही होता. अशा माणसाच्या हातून मोठी चूक व्हायला फार वेळ लागत नाही. आखातात, अझैबातल्या ज्या कंपनीत तो सर्व्हिस मॅनेजर होता, तिने २०१६ साली सहमकडच्या एका अग्निशमन ठाण्याला चार नवे बंब विकले. शहरातले बंब नव्हेत हे. खजुरीच्या वाड्यांत, वाळूत, वाळक्या झाडोऱ्यात शिरून वणवा विझवणारे, उंच चाकांचे. आदल्या उन्हाळ्यात तिथे ओळीने तीन वाड्या जळाल्या होत्या आणि ठाण्याचा जुना बंब वाळूत रुतून नुसता बघत बसला होता.

बंब आले तेव्हा रमणने रीतसर पूजा केली. नारळ फोडला, चाकांखाली लिंबं ठेवली. फिटर इक्बाल मुकादम शेजारी उभा होता, खोबऱ्याचा तुकडा त्यानेही आवडीने खाल्ला. दोघेही राजापूर तालुक्यातले, एक खाडीच्या अलीकडचा, दुसरा पलीकडचा. सात वर्षं एकत्र काम केलेलं. इक्बाल त्याला रमणभाऊ म्हणायचा.

इथवर सगळं ठीक होतं. बंब ठाण्याच्या ताब्यात द्यायच्या आदल्या दिवशी इक्बालने चारही टाक्या धुतल्या, पाणी भरलं, कागदावर सही केली आणि तो जेवायला गेला. रमण एकटाच राहिला आणि त्याला वडील आठवले. गावच्या विहिरीवर पंप बसवला तेव्हा वडिलांनी लाल फडक्यात सुपारी आणि नाणं बांधून पाण्यात सोडलं होतं. ती विहीर अजून आटलेली नाही. रमणने शिडी लावली, पहिल्या बंबाच्या टाकीचं झाकण उघडलं आणि तशीच पुरचुंडी आत सोडली. विहिरीच्या तळाला गाळ असतो आणि बंबाच्या टाकीच्या तळाला पंपाचं तोंड, हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. पण भक्ती दाटून आली की माणूस शिकलेलं खुंटीला टांगून ठेवतो.

दुसऱ्या दिवशी ठाण्यामागच्या मैदानात वाळक्या झावळ्यांचा ढीग पेटवला. ठाण्याचे प्रमुख कॅप्टन अहमद आणि त्यांचे बारा जवान बघायला उभे. इक्बाल तर सकाळपासून हसतमुख होता, कारण या बंबांसाठी ठाण्याला एक कायमचा मेकॅनिक हवा होता आणि कॅप्टनच्या मनात तोच भरला होता. राहायला क्वार्टर मिळणार होतं. बायको साबेरा आणि पाच वर्षांची अफशीन यांना इकडे आणता येणार होतं. तिकडे साबेराने लोणच्याच्या बरण्यासुद्धा बांधायला घेतल्या होत्या.

पहिला बंब पुढे आला. पाण्याची धार जोरात सुटली, मग तुटक झाली, मग नळीने दोन पिचकाऱ्या मारल्या आणि खलास. आग वाऱ्यावर कुंपणाकडे सरकली. जवानांनी धावत जाऊन जुन्याच बंबाने ती विझवली.

"ये किसका काम है?" अहमदने विचारलं.

रमणला क्षणात कळलं होतं. बोलायला तोंड उघडलं तेव्हा मात्र वेगळंच बाहेर पडलं. "टाकी इसने साफ किया, कॅप्टन. साइन भी इसका है."

वड्याचं तेल असं वांग्यावर निघालं. इक्बाल तोवर बंबाखाली शिरून पंपाचा जोड उघडत होता. तो बाहेर आला तेव्हा त्याची मूठ मिटलेली होती आणि बोटांतून लाल धागा लोंबत होता. त्याने रमणकडे पाहिलं.

"कचरा रह गया था," तो म्हणाला. "मेरी गलती, कॅप्टन."

"हमको ऐसा मेकॅनिक नहीं चाहिए," अहमद म्हणाला आणि आत निघून गेला.

परतीचे दोन तास रमणने रस्त्यावरची नजर न हलवता गाडी चालवली. अझैबाला उतरताना इक्बालने खिशातून पुरचुंडी काढली. धुऊन, पिळून, पुन्हा गाठ मारलेली.

"घ्या साहेब. देवाची वस्तू आहे. कचऱ्यात टाकवली नाही."

रमणभाऊ नव्हे, साहेब! रमणचं तोंड भाजल्यासारखं झालं. "तू तिथे बोलला का नाहीस रे?"

"बोललो असतो तर ते तुमच्या देवाला हसले असते." इक्बाल दार उघडून थांबला. "आणि मला वाटलं, तुम्हीच बोलाल."

घरी जयवंतीने विचारलं, कार्यक्रम कसा झाला, पूजा लाभली ना? नवऱ्याच्या हातातली पुरचुंडी बघून ती देवघरात ठेवायला पुढे झाली. रमणने ती दिली नाही. आपल्या नीचपणावर इक्बालने गाठ मारून दिलीय, ती देवापुढे कुठल्या तोंडाने ठेवायची? दोन दिवस त्याला अन्न गोड लागलं नाही.

रविवारी इक्बालला पंपाच्या दुरुस्तीसाठी सहमला जायचं होतंच. रमण त्याच्याबरोबर गेला. अहमदच्या खोलीत जाऊन त्याने पुरचुंडी टेबलावर ठेवली आणि सगळं सांगून टाकलं.

अहमदने शांतपणे ऐकून घेतलं. "झूठ बारा आदमी के सामने बोला," तो म्हणाला. "सच मेरे को अकेले में बोलता है? यल्ला, चलो बाहर."

बारा जवान रांगेत उभे राहिले. रमणने हात पुढे करून पुरचुंडी दाखवली आणि मोडक्या हिंदीत पुन्हा सांगितलं, की हे मी टाकलं, इक्बालची टाकी साफ होती, मी खोटं बोललो. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. त्याच्या मुलाच्या वयाचा एक जवान शरमून आपल्या बुटांकडे बघत राहिला, आणि ते त्याला सगळ्यात जास्त लागलं.

अहमद इक्बालकडे वळला. "तुम आएगा इधर?"

"आएगा, कॅप्टन. इन्शाल्ला."

रमणचा जीव भांड्यात पडला. साबेरा येईल, अफशीन येईल. काहीतरी भरून निघालं, असं त्याला वाटलं. तेवढ्यात इक्बाल हळू आवाजात म्हणाला, "एक अर्ज है. सर्व्हिस के लिए कंपनी से दूसरा आदमी बुलाओ. इनको नहीं."

अहमदने रमणकडे पाहिलं. रमणने मान हलवली. "बराबर बोलता है," तो म्हणाला.

इक्बाल दुरुस्तीसाठी मागे राहणार होता. तरी रमणला गाडीपर्यंत सोडायला तो आला, सवयीने त्याने दारही लावलं. रमणने काच खाली केली आणि थांबून राहिला. तो एक दिवस सोडला तर सात वर्षांत एकदाही इक्बालने त्याला त्या हाकेशिवाय निरोप दिला नव्हता.

"सांभाळून जा, साहेब," इक्बाल म्हणाला आणि बंबाकडे वळला.