बिनडोक पुतळ्याची निळी धमनी

मित्रांनो, मी बिनडोक आहे, हे आधीच सांगून टाकतो. यात नम्रपणा वगैरे काही नाही. मला खरोखरच डोकं नाही. मान आहे, छाती आहे, पोट आहे आणि कमरेपाशी मी संपतो. हात खांद्यालाच थांबले, पाय तर कधी फुटलेच नाहीत. एका शाळेच्या जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेतला मी जुना पुतळा. माझ्या पोटावरचं झाकण काढलं की आतले अवयव एकेक करून बाहेर काढता येतात आणि परत जागेवर बसवता येतात. आता डोकंच नाही तर मी विचार कशाने करतो, असं कोणी विचारलं तर मी काय सांगणार? माझ्या आयुष्यात जे गोंधळ झाले, त्यातला हा पहिला.

माझा जन्म रंगाचा उग्र वास येणाऱ्या एका लांबलचक खोलीत झाला. साच्यातून निघालो तेव्हा मी आतबाहेर पांढराफटक होतो. तिथे टेबलांची रांग होती आणि प्रत्येक टेबलाचा अवयव ठरलेला. कोणी दिवसभर यकृतंच रंगवायचं, कोणी आतडी. हृदयाच्या टेबलावर जाड भिंगांचा चष्मा लावलेल्या एक बाई होत्या आणि त्यांच्या शेजारी नवीनच कामाला लागलेली एक मुलगी.

"धमन्या लाल, शिरा निळ्या," बाई तिला शिकवत होत्या. "फक्त फुप्फुसाकडे जाणारी ही धमनी निळी ठेवायची. आणि फुप्फुसाकडून येणाऱ्या या शिरा लाल."

"या तेवढ्या उलट्या का हो?"

"का ते मला नको विचारूस. नमुन्यात तसं आहे, आपण तसं करायचं. चल, हात चालव."

मुलीने मुकाट्याने हात चालवला. माझा रंग वाळला, पण तो 'का' काही माझ्या मनातून जाईना. कोणाला विचारायचं म्हटलं तर तोंड कुठे होतं?

मग खोक्यात बसून, गवताच्या काड्या सगळीकडे टोचून घेत, मी या शाळेत आलो. तेव्हाच्या जीवशास्त्राच्या बाईंनी मला स्वतःच्या हाताने बाहेर काढलं आणि पदराने पुसलं. ते दिवस फार सुखाचे होते, मित्रांनो! बाई माझं झाकण उघडायच्या आणि पुढच्या बाकावरची मुलं 'बापरे' म्हणून मागे सरकायची. थोड्याच वेळात तीच मुलं माझं जठर हातात घ्यायला भांडत असायची.

दुसरा गोंधळ तिथेच सुरू झाला. "हृदय कोणत्या बाजूला?" बाई विचारायच्या. मुलं माझ्यासमोर बसलेली. त्यांना ते आपल्या उजव्या हाताला दिसायचं, म्हणून वर्ग एका सुरात ओरडायचा, "उजव्या!"

"तुमच्या उजव्या नाही रे, त्याच्या डाव्या!" बाई कपाळावर हात मारून घ्यायच्या. "ते पुस्तकातल्या चित्रातसुद्धा तुमच्याकडे तोंड करून उभं असतं. आधी त्याच्या जागी उभे राहा, मग उत्तर द्या. हृदय मधोमध, थोडं डावीकडे झुकलेलं. त्याला जागा द्यायची म्हणून डावं फुप्फुस दोन खंडांचं आणि उजवं तीन खंडांचं. यकृत उजवीकडे, जठर डावीकडे."

मुलांना ते हळूहळू कळायचं. मला अजूनही दर वेळी जरा थांबून विचार करावा लागतो. स्वतःचा डावा हात आठवावा म्हटलं, तर हातच नाही.

बाई निवृत्त झाल्या आणि माझे दिवस फिरले. भिंतीवर एक पडदा लागला. त्यावर हृदय धडधडायचं, रक्त पळायचं, आतडी वळवळायची. माझ्यासारख्या ठोकळ्याला कोण विचारतो? मला कपाटावर चढवलं गेलं. माझी प्लीहा कोणीतरी खेळायला नेली ती परत आलीच नाही. अपेंडिक्स मोडलं, तेही न दुखता. अंगावर धुळीचा थर बसला आणि हृदयावरचा रंग इतका उडाला की लाल कुठे आणि निळा कुठे, हे जवळ आल्याशिवाय दिसेना. फार वाईट वाटायचं. कपाटावरून वर्ग दिसायचा, पण वर्गातून माझ्याकडे कोणी पाहत नसे.

एकदा शाळेची तपासणी होणार असं कळलं आणि सगळीकडे झाडलोट सुरू झाली. मलाही खाली काढलं. मुख्याध्यापकांनी मला पाहून नाक मुरडलं आणि चित्रकलेच्या सरांना बोलावलं. हे सर मोठे हौशी. त्यांनी मला खिडकीपाशी नेलं, बाह्या सरसावल्या आणि शीळ घालत रंगवायला घेतलं. यकृताला सुरेख तपकिरी छटा दिली. मी सुखावलो. मग त्यांनी हृदय हातात घेतलं आणि त्यांची शीळ थांबली.

"अरेच्चा! ही धमनी निळी? आणि या शिरा लाल? रंगवणाऱ्याचं लक्ष कुठे होतं?"

चूक सुधारण्याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर मावत नव्हता. फुप्फुसाकडे जाणारी माझी निळी धमनी त्यांनी लालभडक केली आणि फुप्फुसाकडून येणाऱ्या शिरा गडद निळ्या केल्या. तपासणीला आलेले साहेब म्हणाले, "वा, काय झकास रंगवलंय!" सर लाजले. मी आणखीच गोंधळलो. चष्म्याच्या बाई चुकल्या होत्या की हे सर? दोघांनाही खात्री होती. मी कोणाचं खरं मानू? रंग छान चमकत होता आणि मी परत कपाटावर गेलो.

आता पुटपुटीची गोष्ट. तिचं खरं नाव हजेरीत असेल, पण अख्खी शाळा तिला पुटपुटी म्हणायची, कारण पुटपुटल्याशिवाय तिचा अभ्यासच होत नसे. आदल्या परीक्षेत ती जीवशास्त्रात नापास झाली होती. पडद्यावरची चित्रं भराभर सरकायची आणि हिची गाडी पहिल्याच चित्रावर अडकायची. तोंडी परीक्षेत तर परीक्षकांनी नाव विचारलं तेव्हाही ती आधी पुटपुटली होती. तिला नर्स व्हायचं होतं. घरी आईने निर्वाणीचं सांगितलं होतं, की यंदा पास झालीस तर पुढे शीक, नाही झालीस तर मामाच्या हार्डवेअरच्या दुकानात खिळे तोलायला बस. मामा वाईट नव्हता आणि खिळेही वाईट नसतात. पण तिला ते नको होतं. हे सगळं ती मला सांगायची, कारण मी कोणाला सांगणार नाही याची तिला खात्री होती.

झालं असं, की पडद्याचं यंत्र बिघडून दुरुस्तीला गेलं आणि तोंडी परीक्षा माझ्यावरच घ्यायचं ठरलं. प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या मावशींनी मला खाली उतरवलं. शाळा सुटल्यावर मावशी परीक्षानळ्या धुवायच्या आणि पुटपुटी माझ्यासमोर स्टूल ओढून बसायची. तिच्याकडचं पुस्तक जुनं, एका शाईत छापलेलं. त्यातलं हृदय काळंपांढरं. रंग पाहायचे तर माझ्यावरच.

"फुप्फुस धमनी ऑक्सिजनविरहित रक्त वाहून नेते," ती पुस्तकातून पुटपुटली आणि माझ्याकडे पाहिलं. "पण ही तर लाल. लाल म्हणजे ऑक्सिजनयुक्त." तिने पुस्तक पाहिलं, मला पाहिलं, परत पुस्तक पाहिलं. "मावशी, मी मठ्ठ आहे का हो?"

"मठ्ठ असतीस तर घरी जाऊन झोपली असतीस," मावशी म्हणाल्या. "सरांना विचार की."

जीवशास्त्राचे नवे सर दारावरून घाईघाईने चालले होते. त्यांच्या हातात नेहमी दुसऱ्याच वर्गाचे पेपर असायचे. "मॉडेलमध्ये नीट बघ, सगळं आहे त्यात," ते न थांबता म्हणाले. त्यांच्या मागून चित्रकलेचे सर येत होते. त्यांनी मोठ्या प्रेमाने सांगितलं, "धमनी लाल, शिरा निळी. सोपं आहे बाळ, यात गोंधळ कसला?"

पुटपुटीने मान हलवली आणि डोळे पुसले. पुस्तक चुकीचं, नाहीतर आपण चुकीचे, आणि ती स्वतःलाच चुकीची धरून बसली. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, की अगं, ही पूर्वी निळी होती! पण पूर्वी निळी होती म्हणजे निळीच बरोबर, हे तरी मला कुठे ठाऊक होतं? माझ्या छातीत हृदय होतं, आणि त्याच्यातून काय वाहतं हे मलाच माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती लोकरीचा एक गुंडा घेऊन आली. माझं हृदय उघडून तिने त्याचे दोन भाग टेबलावर ठेवले, फुप्फुसं शेजारी मांडली आणि लोकरीचं टोक बोटात धरून ती चालायला लागली. म्हणजे बोटाने.

"मी रक्त आहे," ती पुटपुटली. "सगळं अंग फिरून दमून आले. ऑक्सिजन वाटून संपला. महाशिरेतून आत, उजव्या अलिंदात. तिथून खाली उजव्या निलयात. आता निलयाने ढकललं, निघाले. हृदयापासून दूर नेते ती धमनी, म्हणून ही धमनी. चालले फुप्फुसाकडे."

तिचं बोट लाल धमनीवर थांबलं.

"मावशी, तुम्ही नळावर पाणी आणायला जाता, तेव्हा जाताना बादली भरलेली असते का रिकामी?"

"रिकामीच की. भरलेली घेऊन नळावर कोण जाईल? वेड लागलंय का?"

"मग मी तरी फुप्फुसाकडे भरलेली कशाला जाईन?"

मावशी परीक्षानळी ठेवून टेबलापाशी आल्या. पुटपुटीने लोकर पुढे नेली. फुप्फुसात ऑक्सिजन घेतला, फुप्फुस शिरांमधून डाव्या अलिंदात, मग डाव्या निलयात, आणि महाधमनीतून पुन्हा साऱ्या अंगभर. मग ती परत लाल धमनीपाशी आली. धमनीच्या कडेला रंगाचा एक पोपडा सुटला होता. तो तिच्या नखाला लागून अलगद निघाला. खाली निळं होतं.

तिने हृदय उजेडाकडे धरून पुन्हा पाहिलं. मला मात्र त्या रंगखोलीतल्या 'का'चं उत्तर इतक्या वर्षांनी मिळालं होतं. नाव दिशेवरून पडतं आणि रंग आतल्या रक्तावरून. चष्म्याच्या बाईंनी बरोबर रंगवलं होतं, फक्त त्यांना कारण ठाऊक नव्हतं. चित्रकलेच्या सरांना नियम ठाऊक होता, त्याचा अपवाद ठाऊक नव्हता. मी तर नुसता रंग लावून घेत बसलो होतो.

परीक्षेच्या दिवशी बाहेरून एक परीक्षक मॅडम आल्या. करारी चेहरा, हातात लाकडी पट्टी. शेजारी खुर्चीवर नवे सर. एकेक मुलगा आत यायचा, मॅडम पट्टी माझ्या लाल धमनीवर ठेवायच्या आणि मुलगा माझ्याकडे बघून म्हणायचा, "ऑक्सिजनयुक्त." मॅडम काहीतरी लिहायच्या. त्यांचा चेहरा काही सांगत नव्हता. मग पुटपुटी आली.

"ही कोण?"

"फुप्फुस धमनी."

"रक्त कसलं हिच्यात?"

पुटपुटीचे ओठ हलले, आवाज आला नाही. तिने सरांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आता पुन्हा पुटपुटलीस तर खिळे तोलशील गं, मी मनात म्हणत होतो.

"ऑक्सिजनविरहित," ती एकदम मोठ्याने म्हणाली.

"मग लाल कशी?"

"रंग चुकलाय, मॅडम."

"अगं!" सर खुर्चीतून अर्धे उठले.

"थांबा सर. कशावरून चुकलाय? पुस्तकात आहे म्हणून?"

"नाही मॅडम. म्हणजे पुस्तकात आहेच. पण मी लोकरीने चालत गेले. रक्त तिकडे ऑक्सिजन घ्यायलाच जातं. आधीच असता तर गेलंच नसतं." तिचा श्वास फुलला होता. "मॅडम, आणि खाली निळा रंग आहे. कडेला बघा."

मॅडमनी माझं हृदय उचललं, खिडकीपाशी नेलं आणि पोपडा निघालेली जागा पाहिली. सरही उठून पाहायला गेले. बिचारे कानापर्यंत लाल झाले. "माझ्याही लक्षात आलं नाही," ते हळूच म्हणाले.

"सकाळपासून मी वाट बघत होते, कोणीतरी या पुतळ्याशी भांडेल म्हणून," मॅडम म्हणाल्या आणि पहिल्यांदाच हसल्या.

हे कळल्यावर चित्रकलेच्या सरांनी स्वतःच्या डोक्यावर टपली मारून घेतली आणि निळा नि लाल रंग आणले. शिरा त्यांनी स्वतःच पुन्हा लाल केल्या. धमनीसाठी ब्रश मात्र त्यांनी पुटपुटीच्या हातात दिला. तिला रंगवायची सवय नव्हती, त्यामुळे माझी धमनी जरा वाकडीतिकडी निळी झाली आहे. मला ती तशीच आवडते.

निकाल लागल्यावर ती आईला घेऊन आली. आईने मला चहूबाजूंनी पाहिलं आणि म्हणाली, "अगं, याचं मुंडकं कुठंय?" पुटपुटी खदखदून हसली आणि तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला. आता ती नर्सिंगचं शिकते, असं मावशी सांगतात. मामाचे खिळे दुसरंच कोणीतरी तोलत असेल.

मित्रांनो, माझं अजून सगळं सुरळीत नाही. प्लीहा सापडलेली नाही. डावं-उजवं विचारलंत तर मी आजही अडखळतो. तुमच्या शाळेत माझा कोणी भाऊबंद कपाटावर पडला असेल, तर त्याला खाली काढा, ओल्या फडक्याने पुसा, त्याचे अवयव हरवू नका. त्याला हातात घ्या आणि प्रश्न विचारा. पण तो सांगेल तेवढंच खरं मानून निघून जाऊ नका. त्याला कोणी, कधी, कसं रंगवलंय, हे त्यालाही माहीत नसतं. आम्ही तर बिनडोक आहोत. तुमचं तसं नाही.