होडीचा कागद

आखातातल्या सनद गावी राहणाऱ्या सॅव्हिओला कागद नुसता दिसला तरी जांभई यायची. झल्लाकच्या एका हॉटेलात तो वीस वर्षं किचन सांभाळत होता. तिथले नियम तोंडपाठ. घरचा कुठलाही अर्ज मात्र बायकोच्या, हेलनच्या गळ्यात. आपल्यापैकी किती घरांत हे असंच चालतं, ते मी सांगायला नको.

एका शुक्रवारी सकाळी, ओळखीच्या जाफरच्या बोटीतून मासे धरायला जायचं म्हणून, तो गळ पिशवीत भरत होता. हेलनने विचारलं, "हौशी मासेमारीचा परवाना काढलास?"

"जाफरच्या बोटीचे कागद आहेत ना."

"ते बोटीचे. गळ टाकणार तू. आणि आकिबलाही नेतोयस."

"आमच्या पाचूबंदरला होडीचा कागद एकच. बसले ते सगळे त्यात आले."

"हे पाचूबंदर नाही, सॅव्हिओ. मासे काही संपत नाहीत असं थोडंच आहे? कोण धरतो, किती धरतो, हे कुणीतरी बघायला नको? आणि आपण इथे पाहुणे. निदान विचारून तरी घे."

सॅव्हिओ हसला. वसईच्या कोळ्याच्या पोराने मासे धरायला परवानगी मागायची, हे त्याच्या पचनी पडेना.

आकिब शेजारच्या इमारतीतला, दापोलीचा, एसी दुरुस्त करणारा. चार वर्षांनी त्याच्या बायकोचा, इक्राचा, इकडे यायचा व्हिसा होत आला होता. बोटीत चढताना तो थबकला. "भाई, काही कागद लागतो का?"

"मी आहे ना. यल्ला, चढ."

तासाभरात तटरक्षकांची बोट आडवी आली. जाफरचे कागद चोख होते. "मला वाटलं तुम्ही आपापला परवाना काढला असेल," तो ओशाळून म्हणाला. केस उरलेल्या दोघांवर झाली.

सॅव्हिओला हॉटेलने समज देऊन सोडलं. जुना माणूस होता. आकिबचं कॉन्ट्रॅक्ट मात्र त्याच आठवड्यात संपत होतं, आणि केस असलेला माणूस कंपनीला नको होता. नोकरी गेली, तसा इक्राचा व्हिसाही खलास.

सॅव्हिओ त्याच्या खोलीवर गेला, तेव्हा आकिब बॅग भरत होता. "चूक माझी आहे, असं मी तुझ्या साहेबाला लिहून देतो," सॅव्हिओ म्हणाला.

"त्याने काय होणार, भाई? नाव माझं लागलंय." आकिबने फोन पुढे केला. "इक्राला तुम्ही सांगा. माझ्याने होत नाही."

सॅव्हिओने सगळं सांगितलं, काहीही न लपवता. मग इक्रा म्हणाली, "भाई, मी शाळेतली नोकरी सोडली हो. माझ्या जागी दुसरी बाई घेतली पण त्यांनी."

सॅव्हिओ खाली बसला आणि रडला. दोघांच्या नोकऱ्या गेल्या होत्या आणि त्याच्या हातात काहीच नव्हतं!

दुसऱ्या दिवशी त्याने परवान्याचा अर्ज आयुष्यात पहिल्यांदा स्वतः वाचला. सगळं साध्या शब्दांत लिहिलेलं होतं. वाचायला दहा मिनिटंही लागली नाहीत.

वाचकहो, आपल्या गावची रीत परक्या किनाऱ्यावर चालत नाही. नियम माहीत नसेल तर विचारावा, आणि स्वतः न वाचलेल्या नियमाची हमी तर दुसऱ्याला कधीच देऊ नये. पश्चात्ताप सॅव्हिओला झाला, अगदी खरा झाला. पण दापोलीला परत गेला तो आकिब.