भिकुबाईंचा नंबर

चप्पल आज दुसऱ्या नंबरला होती. काल तिसऱ्या. परवा चौथ्या.

केसपेपरच्या खिडकीतून चुडामणने ती पाहिली आणि संगणक चालू होईपर्यंत दुसरीकडे बघत राहिला. निळ्या पट्ट्याची बाईमाणसाची चप्पल, एका अंगठ्याला तांब्याची तार गुंडाळलेली. रोज संध्याकाळी वॉचमन ती कचऱ्याच्या गाडीत टाकायचा. रोज सकाळी फाटक उघडलं की ती रांगेत हजर, एक नंबर पुढे सरकून.

जळगावच्या त्या दवाखान्यात रांगेत माणसं कमी आणि चपला जास्त असत. ही सोय चुडामणनेच तेवीस वर्षांपूर्वी काढली होती. म्हाताऱ्या माणसांनी चप्पल मांडायची, सावलीला बसायचं. चपलेचा नंबर मारला तर रांगेतलीच माणसं मारायला उठत.

मग हेमलता मॅडम आल्या. मॅनेजमेंट शिकलेल्या. हातात स्टॉपवॉच. त्यांनी आठ दिवस नुसतं मोजलं आणि दाखवून दिलं, की दहा वाजता बाहेर नव्वद माणसं ताटकळत असतात आणि आत डॉक्टर रिकामे बसलेले असतात, कारण माणूस खिडकीतच अडकतो. एका केसपेपरला ऐंशी सेकंद लागत. चाळीस हवेत. चाळीस झाले, आणि दोन तासांचं थांबणं बावीस मिनिटांवर आलं. मॅडमचं गणित बरोबर होतं, त्यामुळे कुणावर चिडायचीही सोय नव्हती.

त्या आठवड्यातच असोद्याच्या भिकुबाई आल्या. छातीत दुखत होतं, उभं राहवत नव्हतं. चुडामणने खिडकीतूनच सांगितलं, "अक्का, चप्पल मांडा आनि निंबखाले बसा. नंबर कोठे जास नई."

चप्पल खिडकीशी आली तेव्हा मॅडम मागे घड्याळ धरून उभ्या होत्या. एरवी चुडामण उठून निंबापर्यंत हाक मारायला जायचा. त्या दिवशी त्याने खिडकीखालच्या फटीतून पट्टी घालून चप्पल बाजूला सारली आणि म्हणाला, "पुढचा." दुपारी भिकुबाई निंबाला टेकून बसलेल्या सापडल्या. अनवाणी. झोपल्या असतील म्हणून तासभर कुणी उठवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी चप्पल एकेचाळिसाव्या नंबरला होती. तेव्हापासून ती रोज खिडकीशी यायची, आणि चुडामण रोज ती पट्टीने सारायचा. सवय कशाचीही होते.

आज दुपारी मॅडम कागद घेऊन आल्या. शुक्रवारी साहेबांपुढे अहवाल होता, त्यात चुडामणच्या सत्काराची शिफारसही होती. फक्त एक आकडा बसत नव्हता. कॅमेऱ्यात रांगेत आलेले एकशे बारा, खिडकीतून गेलेले एकशे अकरा. चाळीस दिवस, रोज एक कमी.

"हा माणूस जातो कुठे, चुडामणभाऊ?"

मशीन चुकत असेल, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. मॅडम ते मान्य करायला तयारच दिसत होत्या.

"जात नाही, मॅडम. मी सारतो," तो म्हणाला, आणि सगळं सांगितलं.

मॅडमनी कागद खाली ठेवला.

"त्या दिवशी किती सेकंद वाचले?"

"चाळीस."

दुसऱ्या दिवशी चप्पल पहिल्या नंबरला होती. चुडामणने खिडकी उघडली. पट्टी खणात ठेवली होती. त्याने नाव टाईप केलं. गाव असोदा. वय अंदाजे सत्तर. तक्रार, छातीत दुखणे. संगणकाने विचारलं, रुग्ण हजर आहे का. त्याने 'होय' दाबलं. मागे मॅडम उभ्या होत्या. घड्याळ त्यांच्या पर्समध्ये होतं.

कागद घेऊन तो बाहेर आला, वाकला आणि चपलेखाली खोचला. दुसऱ्या नंबरच्या झुलालआबांनी हळूच सांगितलं, "घाई नई शे, भाऊ. त्यासले जाऊ द्या."

त्या दिवशी एकशे बारा आले, एकशे बारा गेले.

सकाळी चहाच्या सुट्टीत चुडामण डॉक्टरांच्या खोलीकडे गेला. दारापुढच्या रांगेत चप्पल तिसरी होती. खाली कागद तसाच. आणि झुलालआबा तिच्या मागे एका माणसाची जागा सोडून उभे होते.