बाहेरच्या खोलीतलं काम

घरात तिला सगळे शंकासूर म्हणत, आणि उगाच नाही म्हणत. शेजारीण हसून बोलली तरी ही आत येऊन आईला विचारायची, "तिला काय हवं असेल गं?" वडील म्हणायचे, "हिला वकील करा, निदान संशय कारणी तरी लागेल!"

चेष्टेचेष्टेत तिने ते मनावर घेतलं. कॉलेजचं शेवटचं वर्ष यायचं होतं. पुढे लॉ करायचं की नाही, ते या सुट्टीत ठरणार होतं. कामं दोन होती. आत्याच्या लॉन्ड्रीत काउंटर सांभाळायचा, नाहीतर एका नावाजलेल्या वकीलबाईंच्या ऑफिसात जायचं. आता यात विचार तो काय करायचा? आत्या तेवढी म्हणाली, "जा बाई, मोठ्या लोकांत जा," आणि रुसून बसली.

पण वकीलबाईंनी फोनवर ना मार्क विचारले, ना टायपिंग येतं का ते. म्हणाल्या, "साधे कपडे घालून ये. आणि कामाला आलीयेस हे बाहेर कुणाला कळू देऊ नकोस." कुठंतरी पाणी मुरतंय, हे आमच्या शंकासुराने तिथंच ताडलं. तरी गेलीच!

बाईंनी केबिनचं दार लावून घेतलं. "बाहेर अशिलांच्या खुर्च्या आहेत, तिथे अशील होऊन बस. लोक माझ्यासमोर पाठ केलेलं बोलतात. खरं काय ते बाहेर, शेजारच्याला सांगतात. ते ऐकायचं आणि मला येऊन सांगायचं. जमलं तर सुट्टीभर ये. लॉच्या प्रवेशाला माझी शिफारस नक्की."

खोटं कशाला सांगा, तिला ते आवडलं. आजवर फुकट केलं तेच की हे! बाहेर बसून तिने एकेकाला न्याहाळलं. समोर एक चष्मेवाली मासिक वाचत होती, पण पान काही उलटत नव्हती. हिच्या मनात पाल चुकचुकलीच होती, तेवढ्यात शेजारी एक बाई येऊन बसल्या. उजवा हात प्लास्टरमध्ये होता.

"एकटीच आलीस? घरचं कुणी नाही बरोबर?"

"घरातलंच भांडण आहे, काकू."

"अगं, वय काय तुझं!" बाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. त्यांनी चांगला हात हिच्या हातावर ठेवला. मग वाकून हळूच म्हणाल्या, "तुला म्हणून सांगते. हा हात नवऱ्याने नाही मोडला, मीच जिन्यावरून घसरले. पण इतकी वर्षं मारलं, तेव्हा कुणाला काही दिसलं नाही. आता दिसतंय, तर म्हणणार आहे, त्यानेच ढकललं. चुकतंय का माझं?"

जन्मात पहिल्यांदा तिला कुणाचा संशय आला नाही, नुसतं गलबलून आलं.

थोड्या वेळाने वकीलबाईंनी आत बोलावलं. "काय म्हणाली प्लास्टरवाली?"

"नवऱ्याने जिन्यावरून ढकललं म्हणाल्या."

"एवढंच?"

"एवढंच, मॅडम."

बाई खुर्चीत मागे रेलल्या. "समोरची मासिकवाली पण माझीच आहे. तिने सगळं ऐकलंय."

हिने मनातच कपाळावर हात मारून घेतला. बघितलं होतं की तिला! कसं विसरलो आपण?

"तिच्यावर दया केलीस ना? मी हे खरं धरून चालले असते, तर उलटतपासणीत ती पहिल्याच प्रश्नाला उघडी पडली असती. मग तो मारायचा हेही कुणी मानलं नसतं. म्हणून ऐकावं लागतं." हिला वाटलं, आता बाई हाकलून देणार. पण त्या हसल्या. "मात्र काय सफाईने खोटं बोललीस गं! पापणीसुद्धा हलली नाही. मासिकवाली नसती तर मलाही पटलं असतं. अशी माणसं शोधून सापडत नाहीत. उद्यापासून ये."

ती घरी आली तेव्हा आई वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. "मिळालं का गं काम?"

"नाही. जागा आधीच भरली होती. आत्याकडेच जाते."

"जाऊ दे, त्यांचंच नुकसान," आई म्हणाली आणि चादरीचं एक टोक तिच्या हातात दिलं. कुणी हिला असलं उत्तर दिलं असतं, तर हिने त्याला प्रश्नांनी भंडावून सोडलं असतं. चादरीचं टोक धरून ती आईकडे बघत राहिली, निदान एक तरी प्रश्न विचारेल म्हणून. आईने एकही विचारला नाही.