पावणेदोन इंच

संघाच्या यादीतलं चौथं नाव अर्व्हिला ट्वेटचं होतं, आणि चार नावांत तेवढं एकच पेन्सिलीने लिहिलेलं होतं.

"हे काय?" तिने कागदावर बोट आपटलं.

"पुसायला सोपं जावं म्हणून," डेल्मर म्हणाला. डेल्मर गावच्या नेमबाजी क्लबचा कप्तान, आणि खोटं बोलणं त्याला कधी जमलं नव्हतं. "रागावू नकोस. राज्य स्पर्धेला शंभर काडतुसं लागतात. पुंगळ्या कापणं आता होत नाही, हे तूच म्हणालीस. यादी पुढच्या शुक्रवारी जाते. विकतची काडतुसं आण, नाहीतर माझ्यासारखं मोठं यंत्र घे. दोन्ही नको असेल तर कॉर्लिस आहेच."

"कॉर्लिस? गेल्या वर्षी त्याने शेजारच्याच्या लक्ष्यावर दहा गोळ्या घातल्या!"

"पण काय सुरेख घातल्या," चुलीपाशी लेफ्सा, म्हणजे बटाट्याच्या पातळ पोळ्या, भाजणारा तिचा नवरा ऑरिन म्हणाला.

"त्याचा अंगठा तरी शाबूत आहे," डेल्मर म्हणाला.

अर्व्हिलाने आपला अंगठा टेबलाखाली नेला. एकतीस वर्षं तिने शाळेची बस चालवली होती. प्रत्येक थांब्यावर उजव्या हाताने दांडी ओढून दार उघडायचं. त्यात अंगठ्याचं मूळ झिजून गेलं. झाडलेली पुंगळी, म्हणजे काडतुसाचं रिकामं पितळी कवच, पुन्हा भरायची तर आधी साच्यात दाबून मूळ आकारात आणावी लागते. त्या दाबाने पितळ लांबतं, मग तोंडाकडून कापून पावणेदोन इंचांवर आणायचं. वर दहा सहस्रांश इंचांची सूट, त्यापुढे रायफलीत दाब वाढण्याचा धोका. तिचं जुनं कापयंत्र हाताने फिरवायचं होतं. एका पुंगळीला वीस फेरे. दहा पुंगळ्यांनंतर तिला कॉफीचा कपही उचलवत नसे. आणि विकतच्या काडतुसांशी तिच्या रायफलीचं कधीच पटलं नव्हतं.

"पुसू नकोस अजून," ती म्हणाली.

डेल्मरसारखं यंत्र तिने माहितीपत्रकात पाहिलं. सगळ्या जातींची काडतुसं, पाच वेगवेगळी कामं, आणि किंमत अशी की ऑरिनने आकडा वाचून चष्मा पुसला. दुसरं मधल्या किमतीचं होतं, तिच्याच जुन्या यंत्राला मोटर लावल्यासारखं. ते तिला जवळपास पसंत पडलं. मग तिने स्वयंपाकघरातली चमच्याची दांडी धरून प्रत्येक हालचाल करून पाहिली. पुंगळी बसवा, पकड आवळा, कापा, पकड सोडा. फेरे मोटर मारणार, पण आवळणं-सोडणं अंगठ्याकडेच राहणार. शंभर पुंगळ्या म्हणजे दोनशे वेळा. तिने त्यावर काट मारली.

तिसरं मुठीएवढं होतं, शंभर डॉलरच्या आतलं. घरातल्या ड्रिलला लावायचं, पुंगळी तोंडाकडून आत सारायची. पुंगळीचा खांदा, म्हणजे तोंडाखालचा उतार, आतल्या कड्यावर टेकला की पातं तोंड कापून थांबतं. पकड नाही, दांडी नाही.

"ते खेळणं?" डेल्मरने नाक मुरडल्याचं फोनवरही ऐकू आलं. "एकाच जातीच्या काडतुसाला चालतं ते!"

"मी रायफल एकच चालवते. नवराही एकच."

"तोही वापरलेलाच," ऑरिन मागून ओरडला.

मंगळवारी खोकं आलं. तिने ड्रिल टेबलाला बसवलेल्या लोखंडी शेगड्याच्या जबड्यात आवळलं, भांडी घासायचा रबरी हातमोजा चढवला आणि पुंगळी मुठीत धरून आत सारली. चार सेकंदांत कापून झाली. पन्नास पुंगळ्या झाल्या तरी अंगठा गप्प होता. कापल्या त्याच क्रमाने तिने त्या लाकडी ठोकळ्याच्या भोकांत उभ्या केल्या आणि दुसऱ्या दिवशी डेल्मरला बोलावलं. ती चूक झाली; आधी स्वतः मोजायला हवं होतं.

डेल्मरने आपला व्हर्निअर काढला. "पावणेदोन. बरोबर. ही एक सहस्रांश जास्त... ही पाच... ही बारा!" त्याने ती पुंगळी टेबलावर ठेवली. "माझ्या नेमबाजांच्या रांगेत हे चालणार नाही, अर्व्हिला. कोणाच्या तरी तोंडावर फुटेल. डळमळतंय तुझं खेळणं. मी कॉर्लिसला फोन करतो."

"शुक्रवारी कर. आज बुधवार आहे."

"हट्ट कशाला करतेस?"

"तुझ्या तिन्ही पोरांना बर्फात शाळेत पोचवलं तेव्हा त्याला हट्ट नाही म्हणालास!"

तो गेला. तिने पन्नासही पुंगळ्या ओळीने मोजल्या आणि आकडे कागदावर मांडले. यंत्र डळमळत असतं तर आकडा कधी वर गेला असता, कधी खाली. हे आकडे मात्र जिना चढावा तसे चढत होते. पहिल्या आठ पुंगळ्या अचूक, विसावी तीनने जास्त, पन्नासावी बाराने. दोष पात्यात नव्हता. आत काहीतरी साठत होतं.

तिने ते मुठीएवढं यंत्र उघडलं. पुंगळी जिथे टेकते त्या कड्यावर पितळेचा कीस मेंढीच्या लोकरीच्या तेलात कालवून बसला होता. त्यामुळे खांदा तळाशी पोचतच नव्हता.

"अगं बाई," ती स्वतःलाच म्हणाली.

साच्यात अडकू नये म्हणून पुंगळीला ते तेल लावावंच लागतं. पुसायचं ते सगळ्यात शेवटी, अशी तिची वीस वर्षांची सवय. जुनं यंत्र पुंगळीला बुडाकडून धरायचं. खांद्यावर तेल असो की मध, त्याला फरक पडत नसे. हे नवं खांद्यावरूनच मोजत होतं. तिने यंत्र बदललं होतं, क्रम तोच ठेवला होता.

तिने त्या पन्नास आणि उरलेल्या पन्नास पुंगळ्या धुऊन, वाळवून कापल्या. दर पाचांनंतर ब्रशने कडं झाडलं.

"माझा लेफ्साचा ब्रश!" ऑरिन दारात उभा होता.

"होता."

शुक्रवारी सकाळी डेल्मर आला. तिने या वेळी ठोकळा पुढे केला नाही, शंभर पुंगळ्यांची पिशवीच त्याच्यासमोर ओतली. "हव्या त्या उचल."

त्याने बारा उचलल्या. मग व्हर्निअरचे जबडे सदऱ्याला पुसून त्याच बारा पुन्हा मोजल्या. सर्वांत लांब आणि सर्वांत आखूड यांत दोन सहस्रांशांचा फरक होता.

"माझ्या यंत्रात तीन येतो," तो खालच्या आवाजात म्हणाला. मग विचारलं, "माझ्या मोठ्या रायफलीच्या दोनशे पुंगळ्या पडल्यात. कापून देशील?"

"एकाच जातीला चालतं ते. खेळणं आहे."

डेल्मरने यादी उलगडली आणि पेन्सिलीचं नाव पुसून पक्कं लिहायला खिशातून खोडरबर काढलं.

"पुसू नकोस," अर्व्हिला म्हणाली. "पेन दे."

तिने पेन मुठीत धरलं, पुंगळी धरतात तसं, आणि पेन्सिलीच्या अक्षरांवरूनच दाबून आपलं नाव लिहिलं.